पाळीत अंगावरून जास्त जाते म्हणजे नक्की किती? पिशवी काढण्याआधी काय काय तपासावे?

रेवा_मानेवाडा | ४ ऑगस्ट, रात्री ९.५०

नमस्कार. माझे वय ४४, नागपुरातील एका शाळेत शिकवते. मागील चौदा महिन्यांपासून माझी पाळी बिघडली आहे. कधी बावीस दिवसांतच येते, कधी दोन महिने पत्ता नसतो, आणि आली की नऊ-दहा दिवस थांबत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत रात्रीचे मोठे पॅडसुद्धा दीड तासात भिजते आणि गाठी पडतात. शाळेत सलग दोन तास असले की दुसऱ्या तासाच्या मध्यावर माझे लक्ष फळ्यावर राहत नाही, साडीवर जाते. गाडीच्या सीटवर जुन्या लुगड्याची घडी ठेवणे, त्या दिवसांत गडद रंगाचीच साडी नेसणे, कोणाकडे गेले तर कापडी सोफ्यावर न बसणे हे सारे इतके अंगवळणी पडले होते की याला आजार म्हणावे असे सुचलेच नाही. सासूबाई म्हणतात की पाळी जाताना असे होतेच, त्यांनीही सोसले.

जुलैमध्ये शाळेचा जिना चढताना धाप लागली म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.६ निघाले. सोनोग्राफीत 'बल्की युटेरस', म्हणजे मोठे गर्भाशय, आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी १४ मिलिमीटर असे लिहून आले. शहरातील एका खासगी डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि पाच मिनिटांत सांगितले की मुले झाली आहेत, आता पिशवी काढून टाका, पुढच्या आठवड्यातली तारीख देतो.

मला शस्त्रक्रियेचे भय नाही. आवश्यक असेल तर मी ती करून घेईन. परंतु हे कशामुळे होत आहे, हे मला अजून कोणीही सांगितलेले नाही. रक्त जास्त जाते हे ठरवायचे कसे, आणि पिशवी काढण्याचा निर्णय घेण्याआधी कोणत्या तपासण्या झालेल्या असाव्यात, एवढे मला समजून घ्यायचे आहे.

सदाफुली | ४ ऑगस्ट, रात्री १०.१०

रेवाताई, ७.६ हा आकडा लहान नाही. कारण शोधणे चालू ठेवा, पण रक्त भरून काढण्याचे औषध उद्यापासूनच सुरू करून घ्या.

जुनी_शुक्रवारी | ४ ऑगस्ट, रात्री १०.४५

माझे मत थोडे वेगळे आहे. चाळिशीनंतर पाळी पुढे-मागे होते, कमी-जास्त होते, हा निसर्गाचा क्रम आहे. माझ्याही बाबतीत दोन वर्षे असेच चालले आणि पन्नाशीला आपोआप थांबले. प्रत्येक गोष्टीसाठी तपासण्यांच्या मागे लागले की मन अधिक खचते. रेवाताईंनी विश्रांती घ्यावी, खाण्याकडे लक्ष द्यावे, एवढेच म्हणेन.

डॉ_वैनगंगा | ५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न तपासता कोणालाही औषध सांगणार नाही. मात्र रेवाताईंचे दोन्ही प्रश्न फार योग्य आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

जुनी_शुक्रवारी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाळी जाण्याच्या आधीच्या काळात चक्र अनियमित होते, हे खरे. परंतु अनियमित होणे वेगळे आणि हिमोग्लोबिन ७.६ पर्यंत उतरेल इतके रक्त जाणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला वयाचा नियम म्हणून सोडून देता येत नाही.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या पुढे गेले की शरीरातील लोहाचा साठा रिता होऊ लागतो. घरी कोणी मिलिलिटर मोजत नाही, म्हणून आता आम्ही दुसरी व्याख्या अधिक महत्त्वाची मानतो: ज्या रक्तस्रावामुळे बाईचे काम, झोप, बाहेर जाणे आणि मन यांवर परिणाम होतो, तो अतिरिक्त रक्तस्राव. रेवाताईंच्या सीटवरची लुगड्याची घडी आणि गडद साडी ही माझ्या दृष्टीने लक्षणेच आहेत, आणि मी ती रुग्णाच्या कागदावर लिहून घेते.

गाठींविषयी एक गोष्ट सांगते. गर्भाशयात रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी द्रव्ये असतात, म्हणून पाळीचे रक्त सहसा पातळ राहते. प्रवाह इतका वेगवान झाला की त्या द्रव्यांना काम करायला वेळच मिळत नाही, तेव्हा गाठी पडतात. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी वारंवार पडत असतील तर रक्त नक्कीच जास्त जात आहे.

मोजण्यासाठी १९९० मध्ये इंग्लंडमध्ये एक सोपा तक्ता तयार झाला. किंचित डागलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गाठीला १, मोठीला ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या पुढे गेली तर स्राव जास्त आहे असे समजावे. एक वही ठेवा आणि पुढच्या पाळीत लिहून काढा.

सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

रेवा_मानेवाडा | ५ ऑगस्ट, सकाळी ७.४०

डॉक्टर, शाळेत निघण्याआधी हे वाचले आणि क्षणभर बसून राहिले. लुगड्याच्या घडीला कोणी लक्षण म्हणेल असे वाटले नव्हते. वही आजच आणते.

सूक्ष्मदर्शक | ५ ऑगस्ट, दुपारी १.२०

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून फक्त त्याच बाजूचे लिहितो. आपल्या विदर्भात हिमोग्लोबिन कमी दिसले की त्याचा दोष लगेच पाळीला किंवा आहाराला देऊन चालत नाही, कारण सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांचे वाहक येथे बरेच आहेत. केवळ वाहक असल्याने हिमोग्लोबिन सहसा ७.६ इतके खाली येत नाही, परंतु दोन कारणे एकत्र असू शकतात. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या लाल पेशी लहान दिसतात, लोह कमी असले तरीही त्या लहानच दिसतात, आणि मग महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही आकडा का वाढत नाही असा प्रश्न पडतो.

म्हणून रेवाताईंनी सीबीसीसोबत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसोबत, फेरिटिन करून घ्यावे. त्यावरून शरीरात लोहाचा साठा किती उरला ते कळते. सोबत एकदा हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी तपासणीही व्हावी. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. सिकलसेलची तपासणी मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून ती पुष्कळ ठिकाणी पोहोचली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून अधिक स्त्रियांना जे आहे ते आपल्याला नेहमीचे वाटू लागते, आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक आहे.

निळीशाई | ५ ऑगस्ट, रात्री ८.३०

धागा वाचताना एक गोष्ट खटकली, म्हणून लिहिते. पिशवी काढणे म्हणजे नेहमी घाईच असते, असा सूर येथे लागू नये. मला अ‍ॅडिनोमायोसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा ऊतक त्याच्या स्नायूच्या भिंतीत शिरलेला होता. पाळीत रक्त तर जातच असे, पण वेदना अशी की मी जमिनीवर पाय पोटाशी घेऊन पडून राहत असे. तीन वर्षे मी गोळ्या घेतल्या, हार्मोनचे उपकरणही बसवले, आणि तरी काम झाले नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया केली. त्या निर्णयाचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. माझ्या डॉक्टरांनी मला प्रत्येक पर्याय समजावून सांगितला होता आणि निर्णय माझा होता, म्हणून तो मला पेलला.

मोगरा_८१ | ५ ऑगस्ट, रात्री ९.१५

निळीशाई, तुमचे पटले. माझी गोष्ट उलट आहे. अडतिसाव्या वर्षी, केवळ दोन महिन्यांच्या त्रासानंतर, बायोप्सी न करता माझी पिशवी काढली गेली आणि सोबत दोन्ही अंडाशयही काढले गेले. पिशवीबरोबर अंडाशय काढणे आवश्यकच असते असे मी समजत होते. तसे नसते हे मला पुढे कळले. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरातच अंगातून वाफा निघू लागल्या, झोप गेली, आणि आता हाडांची घनता कमी झाल्याचे निदान झाले आहे. कोणावर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. रेवाताई, शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर 'अंडाशय राहणार की जाणार, आणि जाणार असतील तर का?' हे तोंडाने विचारा आणि संमतिपत्रावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा.

डॉ_वैनगंगा | ५ ऑगस्ट, रात्री १०.३०

मोगराताई, तुम्ही हे लिहिलेत म्हणून येथे वाचणाऱ्या कित्येक जणी तो प्रश्न विचारतील. अंडाशय निरोगी असतील आणि कर्करोगाची आनुवंशिक जोखीम नसेल, तर पाळी जाण्याआधीच्या वयात ते राखणेच हिताचे असते, कारण त्यांतील इस्ट्रोजेन हाडांना आणि हृदयाला आधार देते.

आता रेवाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. असाधारण रक्तस्रावाच्या कारणांची जागतिक पातळीवर मान्य झालेली वर्गवारी २०११ मध्ये आली. तीत एका बाजूला डोळ्यांना दिसणारी कारणे आहेत: अस्तरातील पॉलिप म्हणजे मोड, अ‍ॅडिनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, आणि अस्तराची कर्करोगपूर्व वाढ किंवा कर्करोग. दुसऱ्या बाजूला सोनोग्राफीत न दिसणारी कारणे आहेत: रक्त गोठण्यातील दोष, बीज बाहेर न पडणे, अस्तराचेच बिघाड, आणि औषधे किंवा तांबी यांचे परिणाम.

बीज बाहेर न पडणे हे चाळिशीत फार वेळा दिसते. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्या भागात इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढते. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरोन तयार होऊन ते अस्तर पक्के होते. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन एकदम उतरतात आणि अस्तर एका सुमारास, शिस्तीने गळून पडते. बीज बाहेरच पडले नाही तर प्रोजेस्टेरोन तयार होत नाही, अस्तर वाढतच राहते, आणि मग पावसाळ्यात मातीची भिंत आज येथे, उद्या तेथे ढासळावी तसे ते तुकड्यातुकड्यांनी गळते. दोन महिने पाळी नाही आणि नंतर दहा दिवस थांबत नाही, हा नमुना बहुधा यातूनच येतो. थायरॉइड कमी असणे, पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोनचा बिघाड) आणि वजन वाढणे ही त्यामागची नेहमीची कारणे असतात.

म्हणून रेवाताईंच्या वयात माझ्या मते क्रम असा असावा. प्रथम गर्भधारणेची लघवीची तपासणी, ४४ व्या वर्षीसुद्धा, कारण गर्भपात किंवा नळीतील गर्भ यांतही असाच रक्तस्राव होतो. त्यानंतर सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि गर्भाशयमुखाची प्रत्यक्ष तपासणी व तेथील कर्करोगाची शंका पाहणारी पॅप चाचणी. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी पाळी संपल्यानंतर लगेच करावी, म्हणजे मोड असेल तर स्पष्ट दिसतो. आणि चाळिशीपुढील स्त्रीला असा अनियमित रक्तस्राव असेल तर अस्तराची बायोप्सी. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेण्याची ही तपासणी बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत होते. पोटात कळ येते, पण भूल लागतेच असे नाही.

'बल्की युटेरस' हे रोगाचे नाव नव्हे. बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असतेच. पाळी चालू असलेल्या वयात अस्तराची जाडीही महिन्यातील दिवसाप्रमाणे बदलते, तेव्हा १४ मिलिमीटर या एका आकड्यावर पिशवीचा निर्णय मी तरी घेणार नाही.

न्यायपक्ष | ६ ऑगस्ट, सकाळी ११.००

मी वकिली करते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या याचिकेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. याचा अर्थ दुसरे मत घेणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास समजू नये. तुमचे अहवाल तुमचे आहेत. त्यांच्या प्रती मागून घ्या आणि निर्धास्तपणे दुसरीकडे दाखवा.

बाबा_धरमपेठ | ६ ऑगस्ट, रात्री ९.०५

पुरुषाने येथे लिहावे की नाही, असा विचार करत दोन दिवस वाचत होतो. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना तिला पाळी आली आणि दुसऱ्याच पाळीत तिला रक्त चढवावे लागले. नवी पाळी आहे, दोन-तीन वर्षांत सुरळीत होईल, असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते. एका तरुण निवासी डॉक्टर ताईंनी तिला विचारले की लहानपणी नाकातून रक्त येत असे का, दात पडताना रक्त लवकर थांबत नसे का, अंगावर निळे डाग पटकन पडतात का. तिन्ही प्रश्नांना उत्तर 'होय' होते. तपासणीत फॉन विलेब्रांड आजार निघाला. रक्त गोठण्यासाठी लागणारे एक प्रथिन त्यात कमी असते.

मी नंतर वाचले की फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये या आजाराचे वर्णन केले ते ओलांड बेटांवरील एका मुलीवरून, आणि ती मुलगी तिच्या चौथ्या पाळीतच रक्तस्रावाने गेली. हे वाचून मी रात्रभर झोपू शकलो नाही. माझी मुलगी आज सतरा वर्षांची आहे. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे रक्तस्राव कमी करणारे औषध घेते, तिचे हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे आणि ती बॅडमिंटन खेळते. ज्यांच्या घरी नुकतीच पाळी आलेली मुलगी आहे त्यांनी हे तीन प्रश्न तिला जरूर विचारावेत, आणि आईलाही विचारावेत, कारण हा आजार बहुधा आनुवंशिक असतो. माझ्या पत्नीलाही तो सौम्य स्वरूपात निघाला. तिने वीस वर्षे तो 'आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जाते' या वाक्याखाली सोसला होता.

सदाफुली | ६ ऑगस्ट, रात्री ९.२०

बाबा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. मुलीला शुभेच्छा.

कडुनिंब | ७ ऑगस्ट, सकाळी ६.४५

आमच्या घरी रक्तप्रदरावर, म्हणजे अंगावरून जास्त जाण्यावर, दूर्वांचा रस आणि अशोकारिष्ट देण्याची पद्धत आहे आणि माझ्या मामींना त्याने आराम पडला होता. गोळ्यांपेक्षा हे सौम्य वाटते. रेवाताईंनी एकदा करून पाहावे का?

सूक्ष्मदर्शक | ७ ऑगस्ट, दुपारी १.४५

कडुनिंब, तुमच्या मामींना आराम पडला हे मी नाकारत नाही. माझी विनंती एवढीच की कोणताही उपचार घेण्याआधी कारण कळलेले असावे, आणि उपचाराच्या आधी व नंतर हिमोग्लोबिन मोजलेले असावे. आत मोड किंवा कर्करोगाची सुरुवात असेल तर रस घेण्यात गेलेले चार महिने परत मिळत नाहीत. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर तेही नोंदणीकृत वैद्यांना अहवाल दाखवूनच घ्यावेत.

आंबिया_बहार | ७ ऑगस्ट, रात्री ८.१०

आहारतज्ज्ञ म्हणून लोहाविषयी थोडे लिहिते. लोहाची गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. संत्र्यानेही तेच काम होते, पण आपल्या आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला अजून अवकाश आहे, तोवर लिंबू आणि आवळा पुरे. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात व लोहाच्या गोळीत किमान दोन तासांचे अंतर हवे. जेवल्याबरोबर चहा घेण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण त्या चहामुळे जेवणातले लोह बरेचसे वाया जाते. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नका. गूळ-शेंगदाणे, अळीव, तांदुळजा जरूर खा, पण ७.६ वरून वर येण्याइतके लोह केवळ आहारातून मिळत नाही हे मी स्पष्टच सांगते. हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर साठा रिकामाच राहतो आणि दोन पाळ्यांत आकडा पुन्हा उतरतो.

पळसफूल | २४ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

धाग्याशी जवळचा प्रश्न आहे. महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. दरवर्षी मी पाळी पुढे ढकलण्याची गोळी औषधांच्या दुकानातून परस्पर आणते आणि नंतरची पाळी फार जोराची येते. हे त्या गोळीमुळेच होते का?

डॉ_वैनगंगा | २४ ऑगस्ट, रात्री ९.४०

होऊ शकते. त्या गोळीत नॉरएथिस्टेरोन असते. ती घेत असताना अस्तर टिकून राहते आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत एकदम गळते. निरोगी स्त्रीने वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून घेतली तर सहसा अपाय होत नाही. परंतु पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा न समजलेला अनियमित रक्तस्राव आधीपासून चालू असेल तर ती घेऊ नये. आणि माझे मनापासूनचे मत विचारलेत तर, पाळी आली म्हणून महालक्ष्मीला हात लावायचा नाही या बंधनावर घरात एकदा शांतपणे बोलणे मला गोळीपेक्षा अधिक हितकारक वाटते.

गोरेवाडा | २५ ऑगस्ट, सकाळी ८.००

पाळी पूर्ण गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. माझ्या आईचे वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती. मे महिन्यात कपड्यावर दोनदा हलका डाग दिसला. पंचेचाळीस अंशांचे ऊन, उष्णता पडली असेल, असे म्हणून तिने सब्जा आणि वाळ्याचे पाणी घेतले आणि मला सांगितलेही नाही. जूनमध्ये पुन्हा डाग दिसला तेव्हा बोलली. बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, सुदैवाने पहिल्या टप्प्यातला. तिचीही पिशवी काढली, आणि त्याच शस्त्रक्रियेने ती वाचली. पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर थेंबभर जरी दिसले तरी त्याच आठवड्यात दाखवा.

रेवा_मानेवाडा | १ सप्टेंबर, रात्री १०.००

सर्वांना नमस्कार. पाळी २१ ऑगस्टला आली आणि ती दहा दिवस होती. वहीतला हिशोब असा: पूर्ण भिजलेली पॅड ९, मध्यम ८, किंचित ६, मोठ्या गाठी ५. म्हणजे १८० अधिक ४० अधिक ६ अधिक २५, एकूण २५१. शंभराच्या अडीचपट. एवढी वर्षे मुलींना गणित शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या शरीराची ही बेरीज कधी मांडली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

शस्त्रक्रियेची तारीख मी रद्द केली आणि वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पाने उलटून पूर्ण वाचली. फेरिटिन ५ निघाले, म्हणजे लोहाचा साठा जवळपास रिता, आणि टीएसएच १४, म्हणजे थायरॉइड कमी. एचपीएलसी सामान्य आहे, गर्भधारणेची तपासणी नकारात्मक, पॅप चाचणीही सामान्य आली. पाळीनंतरच्या सोनोग्राफीत मोड किंवा गाठ दिसली नाही. बायोप्सी झाली आहे, अहवाल यायचा आहे. लोह गोळ्यांऐवजी शिरेतून देण्याचे ठरले आहे, कारण आकडा फार खाली आहे.

निळीशाई | १ सप्टेंबर, रात्री १०.२५

टीएसएच १४! थायरॉइडचा उपचार झाल्यावर पाळीही बरीच मार्गावर येते असे मी माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिले आहे. बायोप्सीचा अहवाल आला की कळवा, वाट पाहते.

जुनी_शुक्रवारी | २ सप्टेंबर, सकाळी ९.१५

रेवाताई, पहिल्या दिवशी मी तपासण्यांच्या मागे लागू नका असे लिहिले होते. तुमचे आकडे वाचल्यावर ते मत मी मागे घेते. माझी स्वतःची ती दोन वर्षे कशी गेली हे आज आठवत होते. जिन्यात मध्येच थांबून मी कठड्याला टेकत असे आणि त्याला वय म्हणत असे.

रेवा_मानेवाडा | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

बायोप्सीत कर्करोग नाही, कर्करोगपूर्व वाढही नाही. बीज बाहेर न पडल्यामुळे होणारे बदल आहेत. थायरॉइडची गोळी चालू आहे. शिरेतून लोह दोनदा दिले, हिमोग्लोबिन १०.४ झाले आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोर तीन मार्ग ठेवले: पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, ठरावीक दिवस प्रोजेस्टेरोनच्या गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवण्याचे लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनचे उपकरण. उपकरणाने रक्तस्राव सर्वांत जास्त कमी होतो, पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहू शकतात, हेही त्यांनी आधीच सांगितले. थायरॉइडचा परिणाम पाहण्यासाठी मी सध्या गोळ्या निवडल्या आहेत. या वेळची पाळी सात दिवस होती आणि बेरीज ११८ आली. अजून शंभराच्या वर आहे. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन पाळ्या पाहू, नंतर उपकरणाचा विचार करू.

काल सासूबाईंनी वही मागून घेतली आणि बराच वेळ पाहत बसल्या. मग म्हणाल्या, 'आमच्या वेळी हे लिहायला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.' त्यांच्या रक्ताची तपासणी शनिवारी करून आणणार आहे.

नवी_सदस्या_२९ | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

मी प्रथमच लिहीत आहे. वय २९, नागपूरला नोकरी करते. वरचा तक्ता पाहून मी या पाळीत मोजले, बेरीज १४० आली. आधी पाच आठवडे पाळी आली नव्हती. दोन वर्षांपासून तांबी बसवलेली आहे. सुरुवात कोठून करू?

डॉ_वैनगंगा | ७ ऑक्टोबर, दुपारी २.३०

आजच गर्भधारणेची लघवीची तपासणी करा, कारण पाळी लांबून नंतर जास्त रक्त गेले आहे आणि तांबी असूनही क्वचित गर्भ राहतो, तोही कधी नळीत. पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर निकालाची वाट न पाहता रुग्णालयात जा. तपासणी नकारात्मक आली तर सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच करून घ्या आणि तांबी जागेवर आहे का ते सोनोग्राफीत पाहून घ्या. निकाल येथे लिहिलात तर पुढचे सांगते.